न लुकलुकणारी विंडो

भिंगार,
९ नोव्हेंबर २०२४

दादास,

सलाम. पत्र पेनड्राइव्हवर आलं म्हणून हसू नकोस. माझा मोबाईल आता स्टुडिओचा मोबाईल झाला आहे. गिऱ्हाईकं त्यावर फोटो पाठवतात, त्यामुळे तो दिवसभर काउंटरवर सासऱ्यांच्या हाताशी असतो. तुझा मेसेज आला की ते कौतुकाने मोठ्यांदा वाचून दाखवतात. चांगला माणूस आहे रे, पण वाचतात मोठ्यांदा. राधाकृष्णभाऊंचा बेकरीचा टेम्पो रोज देवळालीहून नगरला येतो आणि आमच्या वळणावर त्यांना चहा लागतोच. तेव्हा जे काही असेल ते त्यांच्या हाती, खोक्यात घालून पाठवत जा. पत्र वाचलं की मी पुसून टाकीन.

आता मुद्द्याचं. आमच्याकडे अल्बम करणारा मुलगा काम सोडून गेला आणि ऐन लग्नसराईच्या तोंडावर सासरे डोक्याला हात लावून बसले. मला येतं म्हणून मी बसले, आणि आवडलं. या घरात आल्यापासून पहिल्यांदा कोणीतरी मला विचारतं की हे कसं दिसेल. पण तो प्रोग्रॅम! फोटो माऊसने ओढला की सगळी विंडो पांढरी होते, मग एकेक फोटो परत येतो. ओढत राहिलं की पांढरं, रंगीत, पांढरं, रंगीत, सारखी लुकलुक. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसा तळहाताने एक डोळा झाकून घेते आणि दुसऱ्याने काम करते. परवा मात्र डावा हात आपोआप उडाला आणि चहा सांडला. सासूबाई म्हणाल्या, "पोरगी दमलीय."

मला फिट येते हे या घरात कोणालाच माहीत नाही. नवरा असून सॅम्युएललासुद्धा नाही. हे तुला सांगायला नको, लपवायचं ठरलं तेव्हा तूही त्याच खोलीत बसला होतास.

काम सोड असं म्हणू नकोस. ती लुकलुक घालवता येते का तेवढं बघ. आणि गोळ्या संपत आल्या आहेत. इथला मेडिकलवाला सासऱ्यांच्याच कॉयरमध्ये गातो, त्याच्याकडून घेणं म्हणजे वेदीवरून जाहीर करणं.

तुझी,
प्रार्थना


देवळाली प्रवरा,
१७ नोव्हेंबर

प्रिय प्रार्थना,

सलाम. खोक्यात गोळ्या आहेत, कागदात गुंडाळून. आईने स्वतः गुंडाळल्या आणि मला बजावलं, "तिला म्हनावं, एक दिस चुकवायची न्हाई." निरोप पोचवला.

कारखान्याचा हंगाम सुरू झाला. मी खिडकीत बसून उसाच्या गाड्यांचे टोकन नंबर कॉम्प्युटरवर चढवतो, आणि बाहेरून ड्रायव्हर मला शिव्या देतात, जणू रांग मीच लावली आहे. घरी येतो तेव्हा कानात ट्रॅक्टर चालूच असतो. आणि त्यात तू म्हणतेस, लुकलुक घालव. मला रिपोर्टचे प्रोग्रॅम लिहिता येतात. पडद्यावर साधी रेघ काढायला मी कधी शिकलो नाही. डिप्लोम्यात ग्राफिक्स हा विषय होता, त्या सरांची बदली झाली आणि आम्ही सगळे पास झालो.

तरी वाचायला घेतलं. तुझा प्रोग्रॅम काय करतो ते आता कळलं. फोटो जरासा हलला की तो सगळी विंडो पांढऱ्या रंगाने पुसतो आणि तुझ्या डोळ्यांदेखत पहिल्यापासून रंगवायला घेतो. पुसलेली पाटीही तुला दिसते, अर्धं चित्रही दिसतं. खरी रीत अशी की चित्र मेमरीत, पडद्यामागे, पूर्ण काढायचं आणि तयार झालं की एकदम पुढे आणायचं. बघणाऱ्याला पुसणं दिसतच नाही.

तो प्रोग्रॅम दुरुस्त करणं माझ्या हातात नाही, तो विकतचा आहे. मी तुला नवा लिहून देतो. साधा असेल. फोटो ठेवायचे, ओढायचे, लहानमोठे करायचे. तोवर डोळा झाकत जा, आणि हात परत उडाला तर सरळ उठून बाहेर जा.

तुझा दादा,
नोहा


भिंगार,
४ डिसेंबर

दादास,

सलाम. तुझा प्रोग्रॅम चालवला. लुकलुक नाही! मी आधी डोळा झाकूनच बसले होते, मग हळूच हात काढला. पांढरं काही दिसलंच नाही. टेबलावर डोकं टेकून थोडा वेळ बसले.

आता तक्रार. फोटो माऊसच्या मागून येतो. मी नवरीला डावीकडे नेते, माऊस पोचतो, आणि नवरी मागून रुसल्यासारखी येते. एका पानावर फोटो जास्त झाले की तीही येत नाही. सासरे मागे उभे होते, म्हणाले, "तुझ्या भावाचा प्रोग्रॅम ऊस खाऊन बसलाय का?" जुन्या प्रोग्रॅमवर दिवसात होणारं काम याच्यावर दोन दिवस घेतंय, म्हणून निम्मं काम अजून जुन्यावरच करते.

एक गंमत ऐक. डोळा झाकून काम करताना सासूबाईंनी पाहिलं आणि त्या मला नगरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या. डोळे उत्तम आहेत म्हणाले. सासूबाईंचा विश्वास बसेना, उन्हाचा का होईना पण चष्मा द्या म्हणाल्या. आता माझ्याकडे चष्मा आहे. परत येताना त्यांनी बसमध्ये माझा हात धरला होता. मला इतकं लाजल्यासारखं झालं दादा, काय सांगू.

नाताळची शिवणकामं, फराळ, कॉयरची प्रॅक्टिस, सगळं एकदम आलंय. दमायला होतं.

प्रार्थना


देवळाली प्रवरा,
१५ डिसेंबर

प्रिय प्रार्थना,

सलाम. तुझ्या सासऱ्यांना सांग, ऊस आमचा कारखाना खातो, मी नाही.

मी आठवडाभर चुकीच्या जागी खणत होतो. मला वाटलं, चित्र काढायलाच वेळ लागतोय. म्हणून चौकटी, सावल्या, रेघा, सगळं छाटलं. तसूभर फरक पडेना. शेवटी प्रोग्रॅमलाच मोजायला लावलं की कुठे किती वेळ जातो. निघालं काय, तर तुम्ही कॅमेऱ्यातून घेतलेला हा एवढा मोठा फोटो मी प्रत्येक हालचालीला नव्याने आक्रसून लहान करत होतो. माऊस केसभर हलला की सगळ्या वऱ्हाडाला पुन्हा आक्रसायचं! आता लहान प्रत एकदाच करून ठेवतो. शिवाय जो फोटो हलला तेवढीच जागा परत रंगवतो, बाकीच्या पानाला हात लावत नाही.

हे लिहायला सोपं आहे. ड्युटीवरून येऊन जेवण झालं की बसतो, आणि अर्ध्या वेळा कीबोर्डवरच मान पडते. आई म्हणते, "त्या डब्यात काय घालून ठिवलंय रं?" तिला सांगितलं, प्रार्थनासाठी आहे. मग ती चहा ठेवते.

खरं सांगू? थकतो, पण हे करताना बरं वाटतं. तुझ्या लग्नाच्या वेळी मी काहीच केलं नाही, नुसता मान हलवत बसलो. आता निदान काहीतरी करतोय.

खोक्यात पुढच्या गोळ्या आहेत.

नोहा


भिंगार,
२८ डिसेंबर

दादास,

सलाम, आणि नाताळच्या शुभेच्छा. आईच्या करंज्या पोचल्या. निम्म्याच पोचल्या, राधाकृष्णभाऊंच्या मिशीला साखर होती.

प्रोग्रॅम आता पळतो! पण तुझं ते 'हललेली तेवढीच जागा' प्रकरण. मी नवरदेव उजवीकडे सरकवला तर त्याचा कान मागेच राहिला. परत सरकवला तर दुसरा राहिला. एका पानावर त्या बिचाऱ्याला तीन कान आणि नवरीला स्वतःचा पदर सोडून आणखी दोन पदर. सासूबाईंनी पाहिलं आणि "येशू, येशू" करत मागे सरल्या. मी खूप दिवसांनी पोट धरून हसले.

आणि एक आहे. सगळं छान चाललेलं असतं, मध्येच एकदा गच्च थांबतं. क्षणभरच. मग परत नीट. तू म्हणशील नेहमी होत नाही ना, तर नाही, नेहमी होत नाही. बाकी मीही बहुतेक दिवस बरी असते.

नाताळच्या उपासनेनंतर सॅम्युएल आणि मी चालत घरी आलो. त्याने विचारलं, "तू कधीकधी माझ्यापासून लांब असतेस, काय असतं?" मी सांगणारच होते. तोंड उघडलं होतं. मग म्हटलं, काम फार आहे. तो म्हणाला, "मग कमी कर." दादा, सांगून टाकू का? तू आणि आई काय म्हणता ते कळव. मला हे ओझं वाहून कंटाळा आलाय.

प्रार्थना


देवळाली प्रवरा,
१९ जानेवारी २०२५

प्रिय प्रार्थना,

सलाम. उशीर झाला, पण जे पाठवतोय ते पाहून तू माफ करशील.

कान राहिले, कारण मी फोटोची नवी जागा रंगवत होतो आणि जुनी जागा पुसायला विसरत होतो. प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातली आणि जादाचे कान गेले. ते मध्येच थांबणं मात्र सापडेना. माझा आकडा म्हणायचा की सेकंदाला साठ फ्रेम, म्हणजे साठ पूर्ण चित्रं, निघताहेत, सगळं उत्तम. मग कळलं की तो आकडा सरासरीचा आहे. शंभर वेळा झटकन झालं आणि एकदा अडकलं, तर सरासरीत ते एकदा दिसतच नाही. म्हणून सरासरी काढून टाकली आणि प्रत्येक वेळी सगळ्यांत वाईट फ्रेम कोणती तेवढंच बघायला लागलो. लगेच सापडलं. तुझं काम आपोआप सेव्ह होतं ना, तेव्हा सगळा प्रोग्रॅम हातावर हात ठेवून वाट बघायचा. ते काम आता बाजूला चालतं.

चित्र मध्येच फाटल्यासारखं दिसायचं, वरचा भाग नवा आणि खालचा जुना, तेही गेलं. मॉनिटर स्वतःच्या ठेक्यात पडदा रंगवत असतो. आपण त्या ठेक्याची वाट पाहून चित्र पुढे करायचं, एवढंच होतं. एवढंच शिकायला डिसेंबर आणि निम्मा जानेवारी गेला.

जुना प्रोग्रॅम काढूनच टाक. आता लुकलुक नाही, थांबणं नाही, फाटणं नाही. तुझ्या त्रासाचं मूळच उपटून टाकलं असं समज. मला स्वतःचा अभिमान वाटतोय, जगात कोणाला सांगता येत नाही, म्हणून तुला सांगतो.

सॅम्युएलचं म्हणशील तर आता गरजच काय? होणारच नाही ते कशाला सांगायचं? आईचंही तेच मत आहे. ती म्हणाली, "गप ऱ्हा म्हनावं, नीट चाललंय तर कशाला उकरायचं."

नोहा


भिंगार,
२७ जानेवारी

दादास,

सलाम. लोण्यासारखा चालतो. मी मुद्दाम एक पान फोटोंनी ठासून भरलं आणि गरगर फिरवलं. काही नाही! सासरे तुला स्टुडिओत नोकरी देणार म्हणतात. मी म्हटलं, तुम्हाला त्याचा चहा परवडणार नाही.

या वेळी खोक्यात पेनड्राइव्ह तेवढाच होता. तुझं पत्र परत वाचलं आणि समजले. खूप हलकं वाटलं दादा. आईलाही सांग.

काम भरपूर आहे, म्हणून थोडक्यात.

प्रार्थना


देवळाली प्रवरा,
६ फेब्रुवारी

प्रिय प्रार्थना,

सलाम. तुला समजलं हे वाचून बरं वाटलं. मला स्वतःला ते ठेक्याचं प्रकरण इतक्या पटकन समजलं नव्हतं.

ऊस संपत आलाय, पण मागे राहिलेल्या गाड्यांची घाई आहे आणि आमचा एक माणूस रजेवर गेला, म्हणून दोघांची कामं करतो. आता महिनाभर माझ्याकडून काही नवीन येणार नाही. काही अडलं तरच लिही. नाहीतर आरामात राहा, आणि मलाही थोडं झोपू दे.

नोहा


देवळाली प्रवरा,
२ मार्च

प्रार्थना,

सलाम. हे पत्र कागदावर लिहितोय. राधाकृष्णभाऊ म्हणाले की गुरुवारपासून स्टुडिओचं शटर खाली आहे. सॅम्युएलचा आईला फोन आला होता. "तिला फिट आली. आता बरी आहे. तुम्ही एवढ्यात येऊ नका," इतकंच बोलला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

फोन ठेवल्यावर आईने मला विचारलं, "गोळ्या पाठीवल्या हुत्या न्हवं तू?" मी हो म्हणायला तोंड उघडलं. मग तुझं पत्र आठवलं. 'पेनड्राइव्ह तेवढाच होता. समजले.' काय समजलीस ते मला आत्ता समजलं.

गोळ्या इथेच आहेत. मी विसरू नये म्हणून आईने जानेवारीत कॉम्प्युटरच्या टेबलावर, माझ्या समोर ठेवल्या होत्या. माऊसला जागा कमी पडत होती. मी त्या उचलून बाजूला सरकवल्या. मग त्यांच्यावर वही आली, वहीवर चार्जर आला. मी रोज तिथेच बसून तुझ्यासाठी प्रोग्रॅम लिहीत होतो.

आणि वर तुला लिहिलं की मूळच उपटलं. मला कोणी सांगितलं होतं तसं? मी डॉक्टर आहे का? खिडकीत बसून टोकन नंबर लिहिणारा माणूस मी. दोन महिने काहीतरी जमलं, तर डोक्यात हवा गेली. माझीच चूक आहे. तुझी नाही, आईची नाही.

तुला लागलं का, कुठे पडलीस, ते लोक तुला काय बोलले, काहीच माहीत नाही. आई दोन दिवस जेवली नाही. गोळ्या सोबत पाठवतोय. राधाकृष्णभाऊंना सांगितलंय, कोणीही दार उघडलं तरी लपवायचं नाही, गोळ्या आहेत म्हणून सांगायचं आणि हातात द्यायच्या.

नोहा


भिंगार,
४ मार्च

दादास,

सलाम. मी बरी आहे. हनुवटीला टाके आहेत, बोलताना ओढतात, म्हणून लिहिणं सोपं जातं.

तुझा प्रोग्रॅम तेव्हा चालू नव्हता. कॉम्प्युटर बंद होता, स्टुडिओ बंद होता. मी ओट्याशी पीठ मळत होते आणि पुढचं मला आठवत नाही. शुद्धीवर आले तेव्हा सासरे माझ्या नाकाशी चप्पल धरून बसले होते आणि सासूबाई रडत प्रार्थना करत होत्या. तेवढ्यात सॅम्युएल ऑफिसातून धावत आला आणि आधी ती चप्पल फेकली.

त्याच दिवशी नगरला डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी विचारलं, "आधी कधी झालं होतं?" सॅम्युएल म्हणाला, "नाही." मी म्हणाले, "शाळेत असल्यापासून." तिथेच, त्याच्यासमोर. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. डॉक्टर म्हणाले, लुकलुक हे एक निमित्त. जागरण, दमणं, उपास, कशानेही येते, आणि गोळ्या मनाने बंद केल्या तर हमखास येते. नीट घेतल्या तर संसार, काम, सगळं करता येतं. हे सगळं सांगायला त्यांना पाच मिनिटं लागली. आपण किती वर्षं घालवली!

घरी आल्यावर सासूबाईंनी दार लावून घेतलं. नंतर बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "मी तुला डोळ्याच्या डॉक्टरकडं नेलं. येड्यावानी चष्मा घेतला. तू बसमधी माझ्या शेजारी बसून गप ऱ्हायलीस." बस. आजाराबद्दल एक अक्षर नाही. त्यांना त्या चष्म्याचंच लागलंय.

सॅम्युएल तीन दिवस कामापुरतं बोलला. काल दुपारी माझ्याजवळ येऊन बसला. मी विचारलं, "आधी सांगितलं असतं तर केलं असतंस लग्न?" वाटलं, खोटं बोलेल, माझं मन राखेल. तो म्हणाला, "नसतं केलं." मी म्हणाले, "म्हणूनच नाही सांगितलं." तो म्हणाला, "ते कळतंय मला. म्हणून तर कोणावर रागवावं ते कळत नाहीये. तेव्हा मी नाही म्हणालो असतो, आणि आज कोणी मला 'हिला सोड' म्हणालं तर मी ऐकणार नाही. दोन्ही खरं आहे." मग उठून बाहेर गेला. आम्ही दोघंही रडलो नाही. दमलो होतो.

तू सगळी चूक आपल्या डोक्यावर घेऊ नकोस, त्याने माझं काही हलकं होत नाही. गोळ्या नव्हत्या तेव्हा मी एका ओळीत विचारू शकले असते. विचारलं नाही, कारण बंद झाल्या असं मला मानायचंच होतं. तुझ्या पत्रात मला हवं तेच मी वाचलं. पण तूही ऐक. तुला त्या खोलीतलं काहीतरी फेडायचं होतं आणि तू ते पडद्यावर फेडत बसलास. प्रोग्रॅम छान आहे, मी तो वापरणार आहे. सासऱ्यांनी कालच शटर उघडलं आणि विचारलं, "बसतीस का?" बसले.

पुढच्या रविवारी आईला घेऊन ये. उपासनेनंतर, जेवायला. ती नको म्हणेल, काय तोंड दाखवू म्हणेल. तिला म्हणावं, सासूबाई बोलतील, ऐकून घे, मध्ये बोलू नकोस. तुलाही बोलतील. तूही ऐकून घे. आणि सॅम्युएलला तूच सांग, तुझ्या तोंडाने, की ठरवलं तेव्हा तू होतास. मी नाही सांगितलं ते.

गोळ्या पोचल्या. राधाकृष्णभाऊंनी त्या सासूबाईंच्याच हातात दिल्या. त्यांनी मला जेवायला बसवलं, एक गोळी काढून ताटाशेजारी ठेवली आणि तांब्याभर पाणी ठेवलं. दादा, लग्न झाल्यापासून मी गोळी न्हाणीघरात उभी राहून कोरडीच गिळत आले, परवापर्यंत डॉक्टरांनी दिलेलीसुद्धा. पाणी मागितलं तर कशाला असं कोणी विचारलं असतं. काल पहिल्यांदा पाण्याबरोबर घेतली.

तुझी,
प्रार्थना